शवपेटीतली वाळू

ऑस्ट्रेलियात, कूरोंगच्या खाऱ्या पाण्याकाठच्या मूळनिवासी वस्तीत मर्टलनं तीस वर्षं मासे साफ केले. हातात चाकू असताना तिच्याशी कुणी वाद घालत नसे, नसतानाही नसे.

तिचे पणजोबा इस्पितळात वारले, तेव्हा तिथल्या गोऱ्या डॉक्टरनं त्यांची हाडं काढून विलायतेतल्या एका संग्रहालयाला धाडली आणि घरच्यांच्या हवाली केली वाळूनं भरलेली शवपेटी. ती बंद पेटीच त्यांनी पुरली. मर्टलची आजी मरेपर्यंत त्या वाळूपाशी बसून रडत आली.

पुढं एका अभ्यासक बाईनं डॉक्टरच्या जुन्या पत्राची नक्कल पाठवली. त्यात लिहिलं होतं : ‘नातेवाइकांना काहीही कळले नाही.’ मर्टलनं ते वाक्य फ्रिजवर चिकटवलं आणि विलायतेतल्या त्या संग्रहालयाला पत्रं लिहायला बसली. चौदा वर्षं ‘संशोधनासाठी आवश्यक’ एवढंच उत्तर आलं. मग एकदा कळवलं, घेऊन जा. मात्र गाजावाजा नको, मागच्या दारानं या.

धाकटा भाऊ ऑब्री म्हणाला, “ताई, मिळतायत ना पणजोबा? तिथं भांडू नकोस.”

“भांडत नाही रे. अदलाबदल करते.”

तिनं वडीलधाऱ्यांसमोर ती कबर उघडवली, बिस्किटांच्या डब्यात वाळू भरली, रीतसर परवाने काढले.

संग्रहालयाच्या संचालकानं चहा मागवला आणि कागदावरून दिलगिरी वाचली. त्याचं वाचून होताच मर्टलनं डबा टेबलावर ठेवला.

“तीन पिढ्या आम्ही याच्यापुढं रडलो. आता हे तुमचं. पणजोबांच्या फळीवर, त्यांचाच नंबर घालून ठेवा. चिठ्ठीवर लिहा, नातेवाइकांना फसवलं.”

“बाई, हे नियमात बसत नाही.”

“माणसाची हाडं बसली होती नियमात?”

तिनं स्वतःचं पेन पुढं केलं. त्याच्या मानेवर लाली चढत गेली. ती टक लावून बघत राहिली. तिला बरं वाटत होतं. अखेर त्यानं लिहिलं. शब्द चुकला, तेव्हा तिनं चिठ्ठी पुन्हा लिहायला लावली.

मग कोठीत जाऊन तिनं डबा स्वतः फळीवर ठेवला आणि पणजोबांची पेटी उरी धरून ती निघाली. “मागचं दार इकडं,” कुणीतरी म्हणालं. मर्टल भरल्या दालनातून, तिकिटाच्या रांगेला बाजूला सारत, पुढच्या दारानं बाहेर पडली.

कूरोंगला परतल्यावर, रीतीप्रमाणे ओल्या पाल्याच्या धुरात पणजोबांना माती दिली. ऑब्री ढसाढसा रडला.

“झालं ना ताई आता मन शांत?”

“नाही,” ती म्हणाली. “तिथं फळीवर शेजारी आणखी पेट्या होत्या. नावं लिहून आणलीयत मी.”

दुसऱ्या सकाळी ती पलीकडच्या वस्तीवर त्यातल्या पहिल्या माणसाची नात शोधायला गेली.