पेडगावचं कुत्रं पाणी प्यालं तेव्हा

“काठ्या खाली टाका आधी!” मी ओरडलो. कोण ऐकतंय! पेडगावच्या चावडीसमोर सगळं गाव बैल घेऊन जमलं होतं आणि बैल सोडून एका कुत्र्यामागे लागलं होतं. कुत्रं कापसाच्या गाडीखाली शिरून दात विचकत होतं. थोड्या अंतरावर सखू नावाची तरुण बाई मातीत बसून पोटरी दाबत होती. तिच्या बोटांतून रक्त गळत होतं.

मी निजाम सरकारचा सलोतरी. म्हणजे जनावरांचा डॉक्टर. बुळकांडीची साथ आली म्हणून बैलांना टोचायला परभणीहून आलो होतो. माणसांच्या औषधाशी माझा संबंध नाही. पण त्या घटकेला गावात डॉक्टर म्हणवून घेणारा मी एकटाच.

मी आधी सखूकडे गेलो. तिचा नवरा परगावी होता; सासरा मारोती चिमटीत तिखट घेऊन तयारच होता. जखमेत तिखट भरायचं, वर चुना लावायचा, ही तिकडची रीत. मी त्याचा हात धरला.

“तिखट फेका. साबण आणा. भरपूर पाण्यानं धुवा.”

“धुतो की. पण आधी सात विहिरी दाखवून आणतो. सात विहिरींत वाकून बघितलं की कुत्र्याचं इख उतरतंय.”

वाद घालायला वेळ नव्हता. मी म्हटलं, “दाखवा सात विहिरी. पण दर विहिरीवर पाणी शेंदायचं, साबण लावायचा आणि पोटरी धुवायची. घाईनं धुतलं तर विहीर मोजायची नाही.”

हे सासूला एकदम पटलं. ती सुनेला घेऊन निघाली. एवढी धुतलेली जखम मी नंतर दवाखान्यातही पाहिली नाही.

आता कुत्रं. ते अप्पांचं होतं. अप्पा म्हणजे गावातले कापसाचे आणि किराण्याचे व्यापारी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, मुंगी मरेल म्हणून खाली बघून चालणारा माणूस. ते गाडीला आडवे उभे राहून लोकांना हात जोडत होते. “मारू नका रे. गरीब हाय ते. कुणीतरी दगड मारला आसंल.”

“मारायचं नाहीच,” मी म्हणालो. “मला ते जिवंत पाहिजे.”

लोकांना वाटलं, डॉक्टरला जनावराची दया आली. दया कसली! ते पिसाळलेलं आहे की नाही हे जिवंत कुत्र्यावरूनच कळणार होतं. मेल्यावर त्याचं डोकं हैदराबादेला पाठवून उत्तर यायची वाट बघायची, तोवर सखूचं काय?

मी सगळ्यांना मागे सरकवलं. चिडलेल्या कुत्र्यापुढं पळायचं नसतं आणि त्याच्या डोळ्याला डोळाही लावायचा नसतो. हात अंगाशी घ्यायचे, अंग तिरपं ठेवायचं. डाव्या हाताला घोंगडी गुंडाळली. दोन लांब वेळूंच्या टोकाला दोरीचे फास केले. एक माझ्याकडे, दुसरा गावच्या कोतवालाकडे. एकच फास असला तर कुत्रं धरणाऱ्याच्याच अंगावर येतं. दोन बाजूंनी दोन फास पडले की ते मधे अडकतं, कुणापर्यंतच पोचत नाही. घोंगडी पुढं केली. त्यानं झडप घालून ती धरली, आणि आम्ही फास टाकले. अप्पांच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, खांबाला साखळीनं बांधलं, तेव्हा माझा सदरा घामानं पिळून निघाला होता.

आणि इथंच सगळं बिघडलं. अप्पांनी काठीनं पाण्याची वाटी कुत्र्यापुढं सरकवली. कुत्र्यानं हुंगलं आणि लपलप पाणी प्यालं.

“प्यालं! प्यालं!” गाव नाचायचंच बाकी राहिलं.

मारोती म्हणाला, “झालं की, डॉक्टरसाब. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भेतंय. हे तर घटाघटा प्यालं.”

“हा रोग झाला की पाण्याला माणूस भितो, कुत्रं नाही,” मी म्हणालो. “गळा लुळा पडेपर्यंत ते पाणी पितं. याच्यावर काही ठरत नाही. हे दहा दिवस बांधून बघायचं. पण सखूला आजच परभणीला न्या. दवाखान्यात सुया सुरू करा. कुत्रं धड राहिलं तर सुया बंद करता येतील.”

“सुई कुठं देतेत?” सासूनं विचारलं. त्या विहिरींवरून परत आल्या होत्या.

“पोटात.”

म्हातारीचा चेहरा पांढरा पडला. “पोटात? अवं, पोटुशी हाय ती! लय वर्सांनी दिवस गेलेत पोरीला. आन तुमी पोटात सुई खुपसा म्हनायलाव?”

“सुई कातडीखाली जाते, बाळापर्यंत नाही. आई जगली तर बाळ जगेल ना?”

“कुत्रं बिघडलं तर बघू,” मारोती म्हणाला आणि सुनेला घेऊन घरी गेला.

माझं डोकं भडकलं. एका वाटीभर पाण्यानं माझी सगळी विद्या वाहून नेली होती. मी ठरवलं, हे कुत्रं डोळ्यांआड करायचं नाही. अप्पांच्याच ओसरीवर मुक्काम टाकला. दिवसा बैल टोचायचे, येता-जाता कोठ्यात डोकवायचं आणि रोज मारोतीच्या दारात उभं राहून तेच पुन्हा सांगायचं. तो मला बघून आत जाऊ लागला. मी बाहेरून ओरडून सांगायचो.

मधेच आमचे मोहतमीम, म्हणजे जिल्ह्याचे वरिष्ठ साहेब, कामाच्या तपासणीला आले. किस्सा ऐकून वैतागले.

“क्या मियाँ, एक कुत्ते के वास्ते इत्ता हंगामा? गोली मारो, काम पे लगो.”

“साब, कुत्ता मरा तो उस औरत को कोई दवाखाने नहीं भेजेगा. कुत्ता बिगडा हुआ दिखना चाहिए.”

“और नहीं बिगडा तो?”

“तो मैं बेवकूफ ठहरा. औरत तो बचेगी.”

“बैलों का काम अधूरा रहा तो तुम्हारी खैर नहीं,” एवढं बोलून साहेब गेले. मला पाहिजे ती परवानगी मिळाली.

दुसऱ्याच सकाळी कुत्र्याचा आवाज बदललेला होता. भुंकून संपलं की शेवटाला लांब, घोगरा हेल. खांबाचं लाकूड कुरतडलेलं. खालचा जबडा लोंबत होता. मी धावत मारोतीच्या घरी गेलो. तिघांनाही कोठ्याच्या दाराशी आणून उभं केलं आणि म्हटलं, “मी काही बोलत नाही. बघा.”

अप्पांनी पुन्हा काठीनं वाटी सरकवली. कुत्र्यानं तोंड बुडवलं. पाणी तोंडातून तसंच बाहेर सांडलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा सांडलं. तहान होती, गिळता येत नव्हतं. अप्पा भिंतीला टेकून रडू लागले. मलाही गलबलून आलं. कुत्र्याचा त्यात काय गुन्हा?

मारोती तरी घुटमळतच होता. “पन पोटात सुई...”

तेव्हा सखू पहिल्यांदा बोलली. “मामंजी, गाडी जुंपा. न्हाई जुंपली तर मी चालत परभनीला जाते. मला माजं लेकरू बघायचंय.”

ते ऐकून अप्पा उठले. “गाडी नको, माझी दमणी घेऊन जा, लवकर पोचाल,” म्हणाले आणि डोळे पुसायला हात वर केला. त्यांच्या बोटांना भेगा पडलेल्या होत्या.

“अप्पा, कुत्र्याला हातानं भरवलंत?”

“दूधभाकर दिली जराशी. उपाशी होतं हो! चाटलं हात, चावलं न्हाई.”

हात लावू नका म्हणून मी दहादा बजावलं होतं! “बसा दमणीत. भेगांतून लाळ गेली की चावल्यासारखंच.”

दमणी निघाली तेव्हा राहून राहून सासू पदरानं डोळे पुसत होती, अप्पा पोटावर हात ठेवून शिवनाम घेत होते. रडली नाही ती एकटी सखू. कुत्रं संध्याकाळी मेलं. कोतवालानं आणि मी ते खोल पुरलं, कोठा चुन्यानं धुतला.

दोघांनीही सगळ्या सुया घेतल्या. सखूनं दात आवळून, अप्पांनी दवाखाना डोक्यावर घेऊन.

पुढं बऱ्याच महिन्यांनी पेडगावला गेलो, तर म्हातारी नात घेऊन चावडीवर आली. माझ्यासमोर पोरीचं झबलं वर केलं, पोट दाखवलं, पाठ दाखवली. “बघा डॉक्टरसाब, सुईचा एकबी डाग न्हाई! मी रोज बघते.” मागं सखू तोंडाला पदर लावून हसत होती. मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

कुत्रं चावलं की लोक अजूनही मला विचारतात, ते पिसाळलेलं असेल का हो? मी सांगतो, जखम धुवा, आधी माणूस दवाखान्यात पोचवा, मग कुत्र्याची चौकशी करा.