यझ्दचं तर्मे आणि तांडापेठेतला धोंडबा

तांडापेठेत माग पुष्कळ, पण करवतकाठी साडीचा काठ विणावा तो धोंडबा निनाव्यानेच, हे त्याच्यावर जळणारेही कबूल करत. धोंडबालाही ते पुरतं ठाऊक होतं आणि तो ते लपवत नसे.

१९७२ साली शहरातल्या सदर भागातल्या इराणी बेकरीच्या मालकीणबाई, गुलचेहेरबाई, त्याच्या दारात आल्या. हातात त्यांच्या आजीने इराणातल्या यझ्दहून आणलेलं रेशमी कापड होतं. तर्मे म्हणत त्याला. घरातल्या प्रत्येक लग्नात वधूवरांपुढे तेच अंथरायचं. आता लेकीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं आणि उंदराने नेमकी मधली कोयरी कुरतडलेली. इतवारी बाजारातले रफूगर म्हणाले होते, वरून ठिगळ लावा.

"ठिगळ?" शिवी आपल्यालाच बसल्यासारखा धोंडबाचा चेहरा झाला. "ठेवून जा बाई. मी इनून देतो."

बोलून तर बसला, पण कापड चौकटीवर ताणलं तेव्हा कामाचा आवाका कळला. बोटभर जागेत सात रंग! चार दिवस त्याने सुईने धागा न् धागा भरला, तरी कोयरीची कड वाकडीच येई, रंग एकमेकांत घुसत. अन्न गोड लागेना. कुणाच्या आजीची वस्तू आपल्या हातून नासली, तर पुन्हा मागावर कोणत्या तोंडाने बसायचं?

त्याची बायको गोपिका मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता सगळं पाहत होती.

"सुलट्याकडूनच काहून भरून राहिले?" ती म्हणाली. "मांगच्या बाजूनं पाहा ना एकडाव."

धोंडबाने कापड पालथं केलं आणि कपाळावर हात मारला. त्याला जन्मभर सुलटी बाजू समोर ठेवून विणायची सवय. यझ्दच्या विणकराने उलटी बाजू वर ठेवून विणलं होतं. कोणता रंग कुठून निघाला, कुठे शिरला, सगळं तिथे उघडं होतं.

"लय मोठा कारागीर होता गा तू," तो त्या न पाहिलेल्या माणसाला म्हणाला. मग चार दिवसांचं काम उसवून त्याने पालथ्या बाजूने नव्याने सुरुवात केली.

लग्नाच्या दोन दिवस आधी गुलचेहेरबाईंनी कापड उजेडात धरलं, उलटसुलट केलं, त्यावरून तळहात फिरवला.

"भोक कुठं होतं, धोंडबा?"

ती जागा त्याला डोळे मिटूनही सापडली असती.

"आता मलेबी नाही सापडत, बाई."

गोपिका खाली मान घालून कांडी भरत राहिली. एरवी आपलं कसब मिरवणारा नवरा आज ते कापड बाईंना अखंडच वाटावं म्हणून खोटं बोलतोय हे तिला कळलं होतं, आणि लग्नाला वीस वर्षं होऊनही त्याचा इतका अभिमान तिला कधी वाटला नव्हता.