अंगारकीच्या गोधड्या

राजूरला मंदिराच्या वाटेवर आमचं नारळ-हारांचं दुकान आहे आणि अंगारकीला आमचं घर म्हणजे धर्मशाळाच. पाहुणे आदल्या दिवशीच येतात. गोधड्या कमी, माणसं जास्त, म्हणून एकीत तिघं-तिघं झोपतात. याचा मला भारी अभिमान. मागच्या अंगारकीला कुंभार पिंपळगावची धाकटी नणंद तान्ह्या लेकराला घेऊन आली होती. लेकरू माझ्याच गोधडीत झोपलं.

महिन्याभरानं माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग मनगटं, मग कंबर. पाठ टेकली की जीव नकोसा व्हायचा. नवऱ्याला सांगितलं, उष्णता आहे. कडुनिंबाच्या पाल्यानं अंघोळ केली, खोबरेल चोळलं. खरा शब्द मला माहीत होता, पण तो घाणेरड्या लोकांचा, असं मी आजवर मानत आलेली. दिवसातून दोनदा फरशी पुसणाऱ्या बाईला तो कसा लागावा? दुकानात लांब बाह्यांचं ब्लाऊज घालून बसू लागले. देवाचा नारळ ज्या हातानं द्यायचा, तो हात गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून धडपड.

नवराही खाजवायला लागला तेव्हा जालन्याला डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी माझी बोटं फाकवून बघितली आणि तो शब्द सगळ्यांदेखत उच्चारला. मी मान वर केली नाही. त्या म्हणाल्या, याचा अस्वच्छतेशी संबंध नाही; बारीक किडा असतो, अंगाला अंग लागलं की जातो. मलम मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत, नखांखाली लावायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी अंघोळ. आठवड्यानं परत एकदा. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, खाज असो नसो; नाहीतर एकाची जाते आणि दुसऱ्याकडून परत येते. कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचं. किडा मेल्यावरही काही आठवडे खाज राहते, म्हणून रोज मलम फासत बसायचं नाही. निघताना म्हणाल्या, तुमच्या अंथरुणात जे झोपले त्यांनाही कळवा. खाज सुरू व्हायला महिनाही लागतो. तान्हं लेकरू असेल तर मनानं काही लावायचं नाही, आधी दाखवायचं.

मलम सगळ्यांनी लावलं. गोधड्या उकळत्या पाण्यात घातल्या आणि मागच्या गच्चीवर वाळत टाकल्या, रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून. तरी शेजारणीनं विचारलंच, एवढ्या गोधड्या एकदम? म्हटलं, ढेकूण झालेत. ढेकणांची लाज वाटली नाही, बघा.

फोन मात्र होईना. नणंदेच्या सासरी काय म्हणतील? भावजयीनं पाहुणचारात खरूज दिली? आज करते, उद्या करते असं चाललं. पण ते लेकरू डोळ्यांपुढून हलेना. शेवटी लावला, आणि एका दमात सांगून टाकलं.

मग ती म्हणाली, "वहिनी, आमच्यात तर तव्हाच व्हती. लेकराला घेऊन आल्ते तव्हाच. तुमाला कसं सांगावं म्हून बोलले न्हाई."

"आन् लेकराला?"

"त्यालाबी हाय. रातभर रडून राह्यलंय. दवाखान्यात न्यावं तर गावात बोभाटा व्हईल, म्हून हातमोजे घालून ठिवलेत."

मला राग यायला हवा होता. पण कुठल्या तोंडानं रागवणार? मीही तेच करत होते.

दुसऱ्या दिवशी तिला जालन्याला बोलावलं आणि त्याच डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. बाकावर तिच्या गावची एक बाई निघाली. लेकराच्या गालाला हात लावत तिनं विचारलं, काय झालंय याला? नणंदेनं पदर ओढून लेकराला झाकलं आणि माझ्याकडं बघितलं.

"खरूज," मी म्हटलं. "मलाबी झालीय."

बाईनं हात मागं घेतला आणि बाकाच्या पार टोकाला सरकून बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग लेकरू मांडीवर घेतलं आणि त्याचे हातमोजे काढले. इवल्याशा तळव्यांवर पुळ्याच पुळ्या होत्या. ते लगेच मूठ माझ्या हातावर घासायला लागलं. मी हात तसाच राहू दिला.