घार उड

बेल्ह्याचा बैलबाजार दुपारी मोडला, की टेम्पोवाला गोकुळ आणि त्याचे दोन व्यापारी मित्र, सुदर्शन आणि रामनाथ, बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायचे. मधे बाटली, आणि खेळ पोरवयातला, चिमणी उड कावळा उड. तिघांनी फळीवर बोट टेकवायचं. पाखराचं नाव आलं की उचलायचं, म्हशीचं आलं की नाही. चुकेल किंवा मागं राहील त्यानं घोट घ्यायचा.

गोकुळ सहसा हरत नसे. त्यामुळं तो प्यायचाही कमी, आणि दोघांना टेम्पोत घालून आणे गावात घरी सोडायचं काम त्याच्याकडंच यायचं.

दिवाळीनंतर मात्र तो हरू लागला. 'पोपट उड' म्हटलं की दोघांची बोटं वर, त्याचं फळीवरच.

"प्यायची लई घाई झालीय राव," रामनाथ हसायचा. गोकुळही हसून ग्लास उचलायचा.

एकदा पहिल्याच डावाला, पोटात थेंबही नसताना, त्याचा ग्लास हिंदकळून सदऱ्यावर सांडला. सुदर्शन हसला नाही.

"हाताला काय झालंय?"

"काय न्हाई. स्टेअरिंग धरून आखडतो."

घरी बायकोला, मोहिनीला, ते आधीच कळलं होतं. त्याच्या सदऱ्याची बटणं आता तीच लावायची. तिनं त्याला पुण्याला नेलं. डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, बोटावर बोट आपटायला लावलं. कंपवात निघाला. औषधानं जरा सुसह्य होईल, जाणार नाही. गाडी चालवणं बंद करा, म्हणाले. गोकुळ अजून पन्नाशीचाही नव्हता.

तरी पुढच्या बाजाराला तो एसटीनं गेला. मित्रांनी त्याच्यापुढं नुसता सोडा ठेवला. खेळ सुरू झाला आणि गोकुळ जिंकू लागला. दोन-तीन डावांनंतर तो म्हणाला, "रामनाथ, तू थांबतोयस."

"न्हाई राव."

"मंग परत घे."

"घार उड," रामनाथ म्हणाला.

कुणाचंच बोट उठलं नाही. तिघंही फळीकडं बघत राहिले. बऱ्याच वेळानं गोकुळचं बोट उठलं. रामनाथनं मान खाली घालून घोट घेतला.

"निघतो मी," गोकुळ म्हणाला. त्याला कुणी थांबवलं नाही.

त्यानंतर तो बाजाराला गेला नाही. टेम्पो विकला. रामनाथ एकदा भेटून गेला, पुन्हा आला नाही. सुदर्शन अधूनमधून येतो. ओट्यावर चहा घेतो, बैलांचे भाव सांगतो. गोकुळची कपबशी वाजायला लागली की रस्त्याकडं बघतो.

परवा गोकुळनं विचारलं, "बसता का अजून शेडमधी?"

"कदी कदी."

"खेळता?"

"न्हाई. नुसतं पितो."

गोकुळनं मान हलवली. मोहिनी बाहेर आली आणि त्याच्या हातातला अर्धा कप तिनं अलगद काढून घेतला.