अर्धी नादारी

"काका, वाचत बसू नका. फक्त शिक्का मारा," असे म्हणून माणिकरावांनी कागदांची चळत माझ्यापुढे सरकवली.

हिंगोलीच्या न्यायालयाच्या आवारात माझे टेबल आहे; तिथे सगळेच मला काका म्हणतात. मी वकील आहे आणि नोटरीही आहे. प्रतिज्ञापत्र करणारा मनुष्य तोच आहे आणि त्याने मजकूर समजून सही केली आहे, याची खात्री करून शासनाच्या वतीने साक्ष देणारा तो नोटरी. लोकांना यातला शिक्का तेवढा दिसतो; खात्री दिसत नाही. त्यामुळे मी वाचू लागलो की पुष्कळांना तो वेळेचा अपव्यय वाटतो.

माणिकराव सेनगावच्या एका शाळेतून लिपिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी चंद्रकलाबाई सोबत होत्या. त्या बाकाच्या टोकाला, पिशवी मांडीवर धरून बसल्या. माणिकरावांचे अक्षर देखणे होते. अर्ज आणि त्यासोबतचे प्रतिज्ञापत्र हाताने लिहिलेले, समास नेमका सोडलेला, कोर्ट फीचे तिकीट सरळ रेषेत चिकटवलेले. असा नीटस कागद वकिलांकडूनही क्वचित येतो.

"वकील कोण दिलाय?" मी विचारले.

"कोणीच न्हाई. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्यात सांगितलं, वकील लावायची गरज न्हाई, आपला अर्ज आपण करा. अन् काका, सारी नोकरी नादारीचेच अर्ज तपासण्यात गेली माझी. मला कोण शिकवणार?"

हे वाक्य मी ऐकले, पण त्यातला अर्थ त्या क्षणी माझ्या ध्यानात आला नाही. मी वाचत राहिलो.

अर्जातली हकिगत साधी होती. निवृत्तीनंतर त्यांनी हळद शिजवण्याचा कुकर घेतला. म्हणजे चाकांवरची वाफेची मोठी टाकी. ती ट्रॅक्टरमागे जोडून शेतोशेती न्यायची आणि काढणीनंतर शेतकऱ्यांची हळद भाड्याने शिजवून द्यायची. सोबत हळदीला पॉलिश करणारा ड्रमही होता. दोन्हींसाठी एका खासगी फायनान्स कंपनीचे कर्ज काढले. पहिला हंगाम चांगला गेला. मग गावोगावी तसेच कुकर आले, भाडे उतरले आणि हप्ते थकले. हप्ते भरण्यासाठी साडूकडून आणि गल्लीतल्या दोघांकडून हातउसने घेतले. तेही थकले. पुढे कंपनीचा वसुली अधिकारी दारात येऊन उभा राहू लागला.

यात नवे काही नव्हते. मी थांबलो तो शेवटच्या परिच्छेदापाशी. न्यायालयाकडे काय मागायचे ते जिथे लिहितात, तिथे माणिकरावांनी लिहिले होते: 'तरी अर्जदारास अर्धी नादारी मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.'

मी चष्मा काढून पुसला आणि ते वाक्य पुन्हा वाचले.

"माणिकराव, अर्धी म्हणजे कोणती अर्धी?"

"कंपनीची," ते सहजपणे म्हणाले. "साडूचे अन् गल्लीतल्यांचे पैसे मी देणार हाय. ते बुडवायचे न्हाईत. कंपनीचे तेवढे माफ व्हावेत. शाळेत नव्हतं का, पूर्ण नादारी अन् अर्धी नादारी? ज्याची ऐपत थोडी हाय त्याला अर्धी फी माफ. तसं."

आता मला त्यांचे पहिले वाक्य कळले.

आपल्याकडे शाळांत गरीब विद्यार्थ्याला मिळणाऱ्या फी-माफीला नादारी म्हणत. माझ्या पिढीतल्या कित्येकांचे शिक्षण तिच्यावर झाले. बापाच्या परिस्थितीचा अर्ज लिहायचा, हेडमास्तरांनी शेरा द्यायचा आणि फी माफ व्हायची. माणिकरावांनी हयातभर तेच अर्ज तपासले होते. कर्ज फेडता न येणाऱ्या माणसाने न्यायालयाकडे करावयाच्या अर्जालाही नादारीचाच अर्ज म्हणतात. तोच शब्द, तीच अक्षरे. म्हणून त्यांना वाटले की काम आपल्याच टेबलावरचे आहे.

मी त्यांना थोडा वेळ बसा म्हणालो आणि चहा मागवला. ते घड्याळाकडे पाहू लागले. अर्ज स्वीकारण्याची खिडकी बंद होण्यापूर्वी त्यांना तिथे पोहोचायचे होते.

"शाळेची नादारी ही सवलत," मी सांगू लागलो. "न्यायालयाची नादारी हे समर्पण आहे. आपल्याजवळ जे जे आहे ते न्यायालयाच्या हाती द्यायचे. न्यायालय एक रिसीव्हर नेमते, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेणारा अधिकारी. तो ती विकतो आणि आलेले पैसे सर्व देणेकऱ्यांत, ज्याच्या त्याच्या येण्याच्या प्रमाणात वाटतो. या साऱ्यातून माणूस प्रामाणिकपणे पार पडला, तर उरलेल्या देण्यातून न्यायालय त्याला मोकळे करू शकते. यात अर्धे काही नसते."

माणिकराव हसले. "काका, तुम्ही मोठ्या केसींचं सांगून राहिले."

वडिलांपाशी मी नरसी गावी काही वर्षे मीमांसा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र, शिकलो. तिच्यात विश्वजित नावाच्या यज्ञाचा विचार आहे. त्या यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करायचे असते. मग मीमांसक विचारतात की सर्वस्वातले 'स्व' कोणते? आईबाप आपले म्हणायचे, म्हणून ते दान देता येतील काय? नाही, ज्यावर स्वामित्व आहे तेवढेच 'स्व'. नादारीचा कायदा वाचताना मला तो विचार नेहमी आठवतो. तिथेही सर्वस्व द्यायचे असते आणि तिथेही काय द्यायचे नाही हे विचारपूर्वक वेगळे काढलेले आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे. धर्माचाराप्रमाणे स्त्रीने उतरवायचा नाही असा दागिना, म्हणजे मंगळसूत्र. निवृत्तिवेतनही. त्या यादीचा मला आदर वाटतो. ज्यांनी ती केली त्यांनी एखादे घर आतून पाहिले असले पाहिजे.

हे सारे मी त्या दोघांना सोप्या शब्दांत सांगितले. चंद्रकलाबाई ऐकत होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"त्या यादीत घर हाय का?"

"शेतकऱ्याच्या, मजुराच्या राहत्या घराला काही संरक्षण आहे," मी म्हणालो. "निवृत्त लिपिकाच्या घराला तसे नाही."

"म्हणजे यांच्या नादारीत आपलं घर जातंय का? एवढंच सांगा."

"अर्ज मंजूर झाला, तर घर रिसीव्हरकडे जाईल."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. बाईंनी आवाज चढवला नाही. "घर वाचवायला चाललो म्हणून मला जीपमध्ये बसवलं तुमी. बांधकाम चालू होतं तव्हा मी त्या भिंतींवर रोज दोन येळा पाणी मारलंय. काहून लिहिलं घर त्याच्यात?"

माणिकरावांचा चेहरा उतरला. अर्जात त्यांनी घराचे वर्णन चतुःसीमांसह दिले होते. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, वर किती पत्रे. काही लपवायचे नाही म्हणून त्यांनी तसे केले होते. शाळेच्या अर्जात ऐपत लिहायची ती आपण किती गरीब आहोत हे वरच्याला कळावे म्हणून. इथे ती लिहायची ती ताब्यात देण्यासाठी.

"मग ते खोडतो," ते म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन काढले.

"खोडू नका. असलेली मालमत्ता लपवून नादारी मागणे हा गुन्हा आहे. घर उद्या बाईंच्या नावे करतो म्हणाल, तर तेही चालणार नाही. असे अर्जाच्या तोंडावर केलेले बक्षीसपत्र न्यायालय रद्द ठरवू शकते."

"अन् साडूचे पैसे?"

"एकदा अर्ज गेला की साडू आणि कंपनी एकाच रांगेत. साडूला आधी द्यायची मुभा तुम्हाला राहत नाही. अर्जाच्या आदल्या दिवसांत त्याला दिले असतील, तर तेही परत मागवले जाऊ शकतात."

मला वाटते, घरापेक्षा हे त्यांना अधिक लागले. त्यांनी कोर्ट फीच्या तिकिटावरून बोट फिरवले. मग त्यांनी विचारले, "तिकिटाचे पैसे परत भेटतात का?"

चंद्रकलाबाई म्हणाल्या, "घर चाललं तव्हा ह्यांना तिकिटाची पडली." पण त्या हसल्या, आणि मग माणिकरावही.

मी शिक्का मारला नाही. इतक्या घाईचे कारण काय, असे मात्र विचारले. ते त्यांनी अनमान करीत सांगितले. वसुली अधिकाऱ्याने गल्लीत उभे राहून मोठ्याने सांगितले होते की महिन्याच्या आत पेन्शन बंद पाडतो आणि घराला सील ठोकतो. पेन्शन बंद झाली तर खायचे काय, या एका भीतीपोटी त्यांनी तो अर्ज लिहिला होता. जी गोष्ट कायद्याने मुळातच बाजूला काढून ठेवली आहे तिच्यासाठी ते घर देऊन बसले असते.

कर्जाचा करार त्यांनी घरून आणला. तारण होते ते कुकर आणि ड्रम. घराचा त्यात उल्लेख नव्हता. न्यायालयाचा कोणताही हुकूम तोवर झालेला नव्हता. तरीही घर अगदी निर्धास्त आहे, असे मी म्हणालो नाही. कंपनी पुढे दावा लावून हुकूम मिळवू शकली असती आणि त्या हुकमाच्या बळावर घरापर्यंत पोहोचूही शकली असती. म्हणून तडजोड करायची ती त्याआधी. मी कंपनीला पत्र लिहिले आणि तो वसुली अधिकारी माझ्या टेबलापाशी आला. तरुण, बोलका, हिंदीत बोलणारा मनुष्य होता.

मी त्याला बसायला सांगितले आणि पेन्शन तारण दिल्याचा कागद दाखवा म्हणालो.

"वो तो बोलने की बात होती है, साब," तो म्हणाला.

"आणि घराला सील?"

"वो भी."

माणिकराव शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

त्या अधिकाऱ्यावर राग धरण्याचे मला कारण वाटले नाही. त्याची नोकरी वसुलीची होती आणि त्याला पैसे हवे होते. माणिकरावांचे घर ठेवायला त्याच्या कंपनीकडे जागा नव्हती. पुढची बोलणी त्यामुळे सोपी गेली. कुकर आणि ड्रम कंपनीच्या लेखी संमतीने विकायचे, आलेली रक्कम कर्जात जमा करायची, दंडव्याज सोडून द्यायचे आणि उरलेल्या रकमेचे पेन्शनमधून झेपतील असे हप्ते पाडायचे. 'दंडव्याज सोडले' हे शब्द कागदावर यावेत म्हणून मी अडून बसलो. तोंडी शब्दाचे मोल त्याच अधिकाऱ्याने आम्हाला नुकतेच सांगितले होते. त्यासाठी कंपनीच्या कार्यालयात मला तीनदा जावे लागले.

साडूकडे चंद्रकलाबाई स्वतः गेल्या. तो चिडला, घालूनपाडून बोलला, आणि शेवटी पुढच्या हंगामापर्यंत थांबतो म्हणाला. गल्लीतल्या दोघांपैकी एकाने थांबायचे नाकारले. त्याचे पैसे त्यांनी घराच्या पुढच्या दोन खोल्या एका एसटी कंडक्टरला भाड्याने देऊन, आगाऊ भाड्यातून फेडले; साडूचे आणि दुसऱ्याचे पुढच्या भाड्यांतून फिटत गेले. आता दोघे मागच्या खोल्यांत राहतात. कुकर गेला, धंदा गेला, पुढचा दरवाजा दुसऱ्याचा झाला. घर राहिले. शेवटचा हप्ता भरल्यावर कंपनीचे बेबाकी पत्र, म्हणजे आता काही देणे उरले नाही असा कागद, मी मागून घेतला. तो न्यायला दोघेही आले. बाईंनी तो माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला.

जाताना माणिकरावांनी एक प्रश्न विचारला. "तो अर्ज मी खिडकीवर दिला असता, तर तिथल्या कारकुनानं मला थांबवलं नसतं का?"

"त्याने काय पाहिले असते, असे तुम्हाला वाटते?"

ते म्हणाले, "रकाने भरलेत का. तिकीट बराबर हाय का. मीबी तेवढंच पाहत होतो."

नादारीचा अर्ज वाईट असतो, असे माझे म्हणणे नाही. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही उरलेले नाही आणि देणेकरी मात्र उभे आहेत, अशा माणसाला तो खरोखर मोकळे करतो. असे अर्ज मी स्वतः लिहिले आहेत आणि त्यांतले काही मंजूरही झाले आहेत. वकिलाविना अर्ज करण्याला कायद्याची आडकाठी नाही, हे त्या व्हिडिओतले म्हणणेही खरेच होते. अर्ज स्वतः लिहावा, स्वतः न्यावा, खिडकीवर स्वतः उभे राहावे. मात्र अर्ज मंजूर झाला तर आपल्याजवळचे काय जाईल, एवढा एक प्रश्न आधी जाणत्या माणसाला विचारून घ्यावा. ते सांगणे खिडकीवरच्या कारकुनाचे काम नाही, आणि न्यायाधीश बहुधा असे धरून चालतात की मागणाऱ्याने विचार करूनच मागितले आहे.