आवाज ये-जा करून राहिला

आमच्या आईनं कानाचं मशीन लावावं म्हणून घरात जेवढी भाषणं झाली, तेवढी निवडणुकीतही होत नसतील. "मले सगळं ऐकू येते, तुमीच हळू बोलता," हे तिचं ठरलेलं उत्तर. टीव्ही अख्ख्या गल्लीला पुरेल इतका मोठा, आणि तरी दोष बातम्या देणाऱ्या बाईचा. तिला शेवटी वळवलं ते मावशीनं.

ही मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. शेंदूरजनाघाटला राहते. यजमान गेल्यापासून ती तिकडे एकटी, आई इकडे अमरावतीत एकटी, आणि सकाळच्या चहानंतर दोघींचा फोन हा नेम. एक दिवस मावशी वैतागून म्हणाली, "बाई, मी संत्र्याचं सांगतो आन् तू जावयाचं उत्तर देतं. मशीन लाव, नाईतर मी फोन करनं बंद करतो." त्याच आठवड्यात मशीन आलं.

मशीन झकास होतं. वाटाण्याएवढं, मोबाइलमधल्या अ‍ॅपला जोडलेलं; फोन आला की समोरच्याचं बोलणं सरळ कानात. आई खूश, मावशी खूश, गल्ली तर फारच खूश. मग एका सकाळी त्या अ‍ॅपनं कुणालाही न विचारता स्वतःला नवं करून घेतलं, आणि तेव्हापासून आईला बोललेलं अर्धं ऐकू यायचं आणि फोनवर नुसती खरखर. हट्टानं तिनं आठवडाभर तसंच ओढलं. मग मशीन डबीत घालून मला फोनवर ओरडून सांगितलं, "झालं याचं. ठेवून देतो आता कपाटात."

मला धास्ती वाटली ती याचीच. आईच्या कपाटात गेलेली वस्तू परत येत नाही. वडिलांनी हौसेनं आणलेला मिक्सर तिथं अजून खोक्यात बसून आहे. मशीन एकदा आत गेलं की पुन्हा तेच: आम्ही ओरडणार, ती भलतंच उत्तर देणार, आणि हळूहळू तिच्याशी बोलणंच कमी होत जाणार. मी अकोल्याला राहते, जठारपेठेत. शनिवारी पहिली मिळेल ती बस धरून अमरावती गाठली.

मशीन दिलेल्या दवाखान्यात आधी गेलो. त्यांनी ते कानाला लावून, उलटंपालटं करून सांगितलं की मशीन ठणठणीत आहे, अ‍ॅपचा घोळ आहे, कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा. म्हणजे आता माझी पाळी.

मराठीसाठी दोन दाबा म्हणाले, दोन दाबलं. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं एक बाई इतक्या वेळा म्हणाली की मला शंका यायला लागली. मग एक मुलगा आला. भाषा अशी स्वच्छ, जणू इस्त्री करून आणलेली. मी एरवी चारचौघांत बरं मराठी बोलते, पण घाईत असले की घरचंच तोंडात येतं.

"आवाज ये-जा करून राहिला," मी म्हणाले.

"अच्छा. म्हणजे आवाज ये-जा करत होता आणि आता राहिला?"

"राहिला नाही हो. ये-जा करून राहिला."

"तेच म्हणतोय मी मॅडम. राहिला."

आता याला कसं सांगावं? आमच्याकडे एखादी गोष्ट 'करून राहिली' म्हणजे ती या घडीला जोरात चालू आहे. त्याच्याकडे जे राहिलं ते राहिलं, विषय संपला. मी समजावत होते तोवर त्यानं माझे आभार मानून फोन ठेवला, आणि मोबाइलवर मेसेज आला: आपण सांगितल्यानुसार आवाज स्थिर झाला आहे, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. आईनं विचारलं, "काय म्हनते?" मी म्हणाले, "तू बरी झालीस म्हणतो." तिला ते ऐकू आलं नाही, हे एक बरं.

दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा मी घसा साफ करून, आकाशवाणीला शोभेल अशा मराठीत म्हणाले, "आवाज अधूनमधून खंडित होत आहे." या वेळी एक बाई होत्या. त्यांना अडचण झटकन समजली. पण त्यांना दुसरीच अडचण होती.

"नोंदणी आपल्या आईंच्या नावावर आहे. मला त्यांच्याशीच बोलावं लागेल."

"त्यांना ऐकू येत नाही. म्हणून तर फोन केला."

"मी समजू शकते. त्यांना फोन देता का?"

"अहो, देते. पण त्या ऐकणार कशानं?"

"नियम आहे मॅडम."

दिला. आई फोन कानाला लावून सोफ्यावर ऐटीत बसली. "हो. हो. हो ना. हो पोरी, तू म्हनतं ते बरोबर हाये." शेवटी तिनं आशीर्वाद दिला आणि फोन माझ्याकडे परत केला. मेसेज आलाच: ग्राहकाच्या संमतीनं तक्रार निकाली, आणि आमच्या सेवेला पाच तारे दिल्याबद्दल धन्यवाद.

"काय म्हणाली ती?" मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून विचारलं.

"मले काय मालूम? पन बोलली गोड असंन."

"मग हो हो कशाला?"

"नाई म्हटलं का लोकं पुन्हा पुन्हा सांगत बसतात. हो म्हटलं का मोकळं," आई म्हणाली, आणि उठून भाजी निवडायला गेली. तिचं तत्त्वज्ञान मला तेव्हा फार विनोदी वाटलं.

मधल्या वेळात मी अ‍ॅपमधल्या लिहून बोलणाऱ्या चॅटबॉटलाही विचारून पाहिलं. त्यानं मला हसरा चेहरा पाठवला आणि सुचवलं की ऐकू येत नसल्यास आमच्या हेल्पलाइनवर फोन करा. मोबाइल भिंतीवर मारावा असं मनापासून वाटलं. मारला नाही, कारण तो आईचा होता.

रविवारी सकाळी पुन्हा लावला. स्पीकर चालू करून ठेवला. एक तरुण मुलगी आली आणि तिनं तीच ओळ सुरू केली, नोंदणी कुणाच्या नावावर वगैरे. माझा आवाज चढला. माझ्या चेहऱ्यावरून आईला काय समजायचं ते समजलं. तिनं मोबाइल माझ्या हातातून ओढून घेतला आणि तोंडासमोर धरला.

"पोरी, मले तुहं काई ऐकू येत नाई. मीच बोलतो, तू आयक. मशीनीचा आवाज ये-जा करून राहिला. फोन आला का नुसती खरखर करून राहिला. आन् माही पोरगी कालपासून बोंबलून राहिली."

पलीकडून अगदी हळू आवाजात, "कवापासून करून राहिला काकू?"

मी चमकले. तू कुठली, हे ओठांवर आलं होतं, पण ती तिकडे नोकरीवर होती म्हणून गिळलं. एवढंच म्हणाले, की नोंदणी आईच्या नावावर आहे.

"मंग मी बोलली ना काकूंसंग आता," ती म्हणाली. "ताई, अ‍ॅप नवं झालं, पन फोननं जुनी जोडनी सोडली नाई. ब्लूटूथमधी जा, मशीनीचं नाव पुसून टाका, आन् पुन्हा जोडा."

पुसलं, जोडलं. आईनं मशीन कानात घातलं. पंख्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सवयीनं ओरडून विचारलं, आलं का ऐकू? "कावून एवढा कल्ला करून राहिली?" आई म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पायाच पडले. पलीकडची मुलगी हसली, आणि लगेच सावरून इस्त्रीच्या मराठीत म्हणाली, "आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?" कॉल रेकॉर्ड होत असतो ना.

चहा झाला, आणि नेमानं मावशीचा फोन आला. आता आवाज सरळ कानात, त्यामुळे मला आईचीच बाजू ऐकू येत होती.

"सामान बांधून राहिली? कोनाचं सामान?" आई म्हणाली. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. चेहरा हळूहळू बदलत गेला. मग मोबाइलवर तळहात ठेवून ती मला कुजबुजली, "हे म्हनते, मांगच्या आठवड्यात तिनं मले इचारलं, तुह्यापाशी कायमची राहाले येऊ का म्हनून. आन् मी म्हनलं म्हनते, हो."

मावशी मानी बाई. मुलगा ये म्हणतो तर त्याच्याकडेही गेली नव्हती. एकटीला घर खायला उठतं असं कधी एका शब्दानं बोलली नव्हती. किती दिवस मनात घोकून तिनं ते विचारलं असेल, आणि विचारलं ते खरखरीत. आणि आमची आई अशी, की माझा मुक्काम जरा लांबला तरी डबे हलवलेस म्हणून कुरकुर करते. आता ती खरं सांगणार, मले ऐकूच आलं नव्हतं म्हणून. मावशी बरं म्हणेल, सामान सोडेल, आणि पुन्हा जन्मात विचारणार नाही. मी आईला हातानं खूण करायला गेले, पण कसली खूण करावी तेच कळेना. घर तिचं होतं.

आईनं मोबाइलवरचा हात काढला. पदरानं नाक पुसलं.

"आयक वं," ती म्हणाली, "तुहा पलंग घेऊन येजो. माह्या इथं एकच हाये, आन् तू झोपीत लाता मारतं."