येलवालच्या खोलीची कडी

फोन आला तेव्हा मी म्हैसूरला घरी शाळेच्या गणवेशाचं कापड कापत होतो. सहा थर एकावर एक, कात्री अर्ध्यावर. येलवालहून लताचा आवाज, "सार, मास्तर होग्बिट्रु." गेले... एवढंच. कात्री मधेच थांबवली की काप वाकडा जातो, म्हणून मी आधी कापणं पुरं केलं आणि मग खाली बसलो. या गोष्टीची मला अजून लाज वाटते. योहान मास्तरांना मात्र वाटली नसती. कापड वाया घालवणाऱ्या माणसाबद्दल त्यांना फारसं प्रेम नव्हतं.

मास्तर मूळचे नगर जिल्ह्यातले. मिशनने त्यांना म्हैसूरला पाठवलं ते प्रवचनं करायला, आणि हे गृहस्थ शिलाईचा कारखाना काढून बसले. हुणसूर रस्त्यावर येलवालला भाड्याच्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत शाळांचे गणवेश आणि इस्पितळांचे एप्रन शिवले जायचे. त्या नफ्यातून दुसऱ्या खोलीत बायकांना शिलाई मशीनसाठी छोटी कर्जं मिळायची. मी पिढीजात शिंपी, गळ्यात तुळशीची माळ. मला त्यांनी कटिंगसाठी बोलावलं ते, खरं सांगायचं तर, मराठी बोलायला कुणीतरी हवं म्हणून. पहिल्याच दिवशी माझं कन्नड मिसळलेलं बोलणं ऐकून म्हणाले, "विठ्ठलराव, हे मराठी आहे की बिसिबेळे भात?" मी म्हटलं, "पोट भरतं ना, अल्लवा?" तेव्हापासून आमचं जमलं. बायकांना 'चर्चला या' असं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. मिशनचे वरिष्ठ त्यावरून कुरकुरायचे. मास्तर म्हणायचे, "फुकट दिलं की घेणारीची मान खाली जाते. कर्ज दिलं की ती माझ्याशी भांडू शकते. माझं प्रवचन तेवढंच."

पाच बायकांचा एक गट, आणि एकमेकींना एकमेकींचाच जामीन. दर गुरुवारी दुपारी गट जमायचा. आधी कन्नडमध्ये एक प्रार्थना व्हायची, मग चटईवर अंथरलेल्या पांढऱ्या कापडावर हप्ते ठेवायचे. पाचही हप्ते पडेपर्यंत कुणी उठायचं नाही, हा नियम. पण बायका हळूच सटकायच्या आणि मागे राहिलेल्या दोघीतिघींवर सगळा भार पडायचा. त्यावरून भांडणं व्हायची. एकदा मी वैतागून म्हणालो, "मास्तर, आतून कडी लावूया की. सुम्ने, उगाच दर गुरुवारची कटकट कशाला?" मास्तरांनी दाराकडे पाहिलं आणि हप्त्यांची वही उघडली. त्यांना ते आवडलं नव्हतं, हे मला कळलं होतं. तरी पुढच्या गुरुवारी मीच बाजारातून पितळी कडी आणली, चार स्क्रू पिळून दाराला बसवली आणि दर आठवड्याला मीच लावू लागलो. हप्ते वेळेवर येऊ लागले. मला माझाच अभिमान वाटला...

मग तो गुरुवार आला. गटातल्या महादेवीचं दीड वर्षांचं मूल घरी तापाने फणफणलेलं होतं, जवळ सात वर्षांची बहीण. "मगूगे ज्वर, सार," ती आल्याआल्याच म्हणाली. बाळाला ताप आहे. तिने स्वतःचा हप्ता सगळ्यांत आधी ठेवला. चार हप्ते पडले. पाचवा लताचा. तिचा नवरा पैसे आणायला म्हैसूरला गेला होता, तो येईना. तासाभराने महादेवी पुन्हा तेच म्हणाली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "एकीला सोडलं की सगळ्या उठतील. आत्ता येईल तो." मास्तर पुन्हा वहीत बघू लागले. लताचा हप्ता भरण्याइतके पैसे माझ्या खिशात होते, हे आज लिहून टाकतो. पण आम्ही कुणाचा हप्ता भरायचा नाही, असाही एक नियम होता. उन्हं कलली तेव्हा दारावर थाप पडली. लताचा नवरा आला म्हणून मी कडी काढली, तर दारात ती सात वर्षांची मुलगी, भावाला कडेवर घेऊन उभी. बाळाची मान एका बाजूला कलंडलेली होती. रिक्षाने म्हैसूरला नेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "दुपारी आणायला हवं होतं."

मिशनने चौकशी केली. गावातली माणसं चालून आली. एकाने मास्तरांच्या थोबाडीत मारली, मी शेजारीच उभा होतो. कडी कुणाची कल्पना, असं त्यांना तीनदा विचारण्यात आलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, "माझी." मी बोलायला हवं होतं. घरी बायकोमुलं, हातातलं काम... बोललो नाही. त्या दिवशी नाही, मास्तर होते तोवर कधीच नाही. मिशनने त्यांचा पगार बंद केला. तरी त्यांनी कारखाना सोडला नाही. बाळ गेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः स्क्रू काढून कडी उतरवली आणि खोलीचं दार भिंतीला दोरीने बांधून टाकलं. पावसात पाणी आत यायचं, चटई भिजायची, पण दार लागलं नाही. महादेवीचं कर्ज त्यांनी माफ केलं, तर तिने ती माफी घेतली नाही. शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडलं, आणि मग नवं कर्ज काढलं. का, ते मला कधीच समजलं नाही. मास्तरांशी ती भांडलीही नाही. भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

मास्तरांना जाऊन आता पाच आठवडे झाले. मागच्या गुरुवारी मी येलवालला गेलो. दार तसंच बांधलेलं, त्याच्या फळीवर स्क्रूंची चार भोकं. महादेवी दाराशी बसली होती, गेली कित्येक वर्षं तिथेच बसते. प्रार्थना संपल्यावर मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि सांगितलं, की कडी माझी होती. मास्तरांची नव्हती.

"गोत्तु," ती म्हणाली. ठाऊक आहे. मग शांतपणे कन्नडमध्येच म्हणाली, "ती तुम्ही बसवत होतात तेव्हा मी स्क्रू हातात धरून उभी होते. तुम्ही एकेक मागत होतात, मी देत होते."

मला ते आठवतच नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना.

तिने पदराची गाठ सोडली, हप्ता कापडावर ठेवला आणि उठून बाहेर पडली. अजून तिघींचे हप्ते यायचे होते.